उपस्थिती आवश्यक: होय की नाही

४ मार्च

प्रिय टिल्लू,

आशीर्वाद. फोन केला की तू "हं" आणि "बरं" यांच्यापलीकडे जात नाहीस, म्हणून नेहमीप्रमाणे पत्र. सहा फुटांच्या माणसाला अजून टिल्लू म्हणते म्हणून तोंड वाकडं करू नकोस. नीट बस आणि सगळं वाच. चहा घे हवं तर, पण पत्रावर कप ठेवू नकोस.

मी परिषदेला जाऊन आले. "कार्यालयीन कागदपत्रांचा स्वयंचलित प्रवास" असा विषय होता. खात्यातून कुणाला तरी पाठवायचं होतं. मोठे साहेब म्हणाले, "यांना पाठवा, यांना कागदांचं वेड आहे." त्यांनी टोमणा मारला होता. मी कौतुक समजून सामान बांधलं.

कागदरहित कार्यालयाची परिषद, आणि दारातच प्रत्येकाच्या हातात छापील पुस्तकांनी भरलेली पिशवी. पहिल्याच दिवशी माझ्या पिशवीचा बंद तुटला. पण हसण्याआधी पुढचं ऐक. तिथे जाड चष्म्याचे एक वक्ते होते. त्यांनी आम्हा सगळ्यांना गोल उभं केलं, एक कोरा कागद दिला आणि सांगितलं, हा फिरत राहिला पाहिजे, ज्याच्या हातात थांबेल तो बाद. बाकीचे कागद उलटसुलट करून बघायला लागले. कोऱ्या कागदावर काय वाचायचं होतं कोण जाणे. मी बघितलाही नाही, सरळ पुढे दिला. शेवटपर्यंत टिकले. शाळेत धावण्यात मला कधी नंबर मिळाला नाही, तो इथे मिळाला.

वक्ते म्हणाले, माणूस थांबला तरी चालेल, कागद थांबता कामा नये. मला एकदम भरून आलं. शेजारच्या बाईंनी पाणी दिलं.

आल्या आल्या कामाला लागले. आपल्या लिफ्ट तपासणी खात्यात एक अर्ज किती टेबलांवर लोळतो ते तुला सांगायला नको. आता तसं होणार नाही. यंत्रणा बसवली आहे. कागद एकाच दारातून आत येतो, यंत्रणा तो स्वतः वाचते, तो कुणाचा ते ठरवते आणि त्याच्यापुढे नेऊन ठेवते. मुदतीत उत्तर आलं नाही तर गप्प बसणं म्हणजे संमती. अपवाद कुणालाही नाही. हाताने कागद पुढे ढकलायची एक चावी असते, ती फक्त माझ्याकडे आहे. वक्त्यांनी बजावलं आहे, चावी ज्याने एकदा वापरली त्याची यंत्रणा संपली. मी ती वापरणार नाही.

मोठ्या साहेबांनी यंत्रणेला मंजुरी दिली. म्हणजे त्यांनी उत्तरच दिलं नाही, आणि यंत्रणेने त्यालाच मंजुरी धरलं. तुझी शाखासुद्धा जोडली आहे. एकट्या माणसाची असली तरी शाखा ती शाखा.

हो, आणखी एक. मी लग्न करते आहे. ३० एप्रिलला, नोंदणी कार्यालयात, सह्या करून. आमच्या इमारतीच्या लिफ्टची दुरुस्ती करतात ना, ते. मागच्या खेपेला आपण लिफ्टमध्ये अडकलो तेव्हा वरून "घाबरू नका, मी आहे" म्हणणारा आवाज त्यांचाच होता. स्वभाव शांत आहे. रजेचा अर्ज यंत्रणेतूनच कर आणि सोबत पत्रिका जोड. पुराव्याशिवाय अर्ज करू नकोस.

तुझी,
ताई

११ मार्च

ताई,

नमस्कार. पानंच्या पानं कागदाचा प्रवास आणि शेवटी "हो, आणखी एक". मला वाटलं, विजेचं बिल भरायचं राहिलं असेल. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. मग शाखेचं दार लावून घेतलं. आत मी नाचलो असं लिहीत नाही, पण शेजारच्या शिवणकामवाल्या बाई "काही पडलं का" म्हणून विचारायला आल्या.

खरं सांगू? मला फार आनंद झाला. आई-बाबा गेल्यावर तू माझी शाळा, माझी परीक्षा, माझी कावीळ, माझी नोकरी सगळं उरकलंस, आणि स्वतःचा विषय निघाला की "आता काय वय आहे" म्हणून भांडी घासायला उठायचीस. मला वाटायचं, माझ्यापायी ताईचं राहून गेलं. आता ते ओझं उतरलं. भावोजींना माझा नमस्कार सांग. माणूस अंधारात न दिसता धीर देतो म्हणजे चांगलाच असणार.

मी आदल्या दिवशी येतो. साक्षीदार म्हणून पहिली सही माझी. इथल्या मिठाईवाल्याला ऑर्डरसुद्धा देऊन टाकली. आपल्याकडून माणसं म्हणजे मी एकटा, तेव्हा मी पुष्कळ माणसांसारखा वागणार आहे.

अर्ज केला. लगेच निरोप आला: "आपला कागद निघाला आहे. आपण निश्चिंत राहावे." हे वाक्य तुझंच, मी ओळखलं. मी निश्चिंत झालो तोच दुसरा निरोप आला: "त्रुटी. कार्य पार पडल्याचा दाखला जोडलेला नाही."

ताई, कार्य म्हणजे तुझं लग्न. ते पार पडल्याचा दाखला जोडला की मला त्या लग्नाला येण्यासाठी रजा मिळणार. मग मी येऊन काय बघू, तुमचा संसार?

टिल्लू

१९ मार्च

प्रिय टिल्लू,

आशीर्वाद. दाखल्याचं मी बघितलं. "दाखला नंतर सादर करीन" असं हमीपत्र दिलंस की ती त्रुटी जाते. प्रत्येक त्रुटीला पूर्तता असते, तू लगेच हातपाय गाळतोस.

तुझ्या अर्जामुळे यंत्रणा किती बारकाईने वाचते ते मात्र कळलं. तू जोडलेली पत्रिका तिने उघडली. आत दोन पक्ष, तारीख, ठिकाण आणि मुदत कायमची. तिने तो करार धरला आणि खरेदी विभागाकडे पाठवला. आता तूच सांग, तिने चुकीचं काय समजलं?

खरेदीबाई नियमाने चालणाऱ्या. त्यांनी शेरा मारला, "एकाच पुरवठादाराकडून थेट घेता येत नाही. तीन दरपत्रके मागवावीत." मी त्यांच्या टेबलाशी जाऊन समजावलं की हे माझं लग्न आहे. त्या म्हणाल्या, "अभिनंदन. पण तीन लागतील." कागद थांबवायचा नाही हे मीच सगळ्यांना शिकवलेलं, मग वाद कुठे घालणार? तुलनात्मक तक्ता करायला घेतला. उंची, अनुभव, हमीचा काळ, दुरुस्तीनंतरची सेवा. लिफ्टवाल्यांना फॉर्म नेऊन दिला. त्यांनी चष्मा लावून तो सगळा वाचला आणि म्हणाले, "दुरुस्तीनंतरच्या सेवेत मला कुणी हरवणार नाही."

दुसरं दरपत्रक आमच्या वॉचमनचं. त्यांचं लग्न होऊन नातवंडंही झाली, त्यांनी "सध्या उपलब्ध नाही" असं लिहून अंगठ्याएवढी सही केली. तिसरं हिशेब विभागातल्या अविवाहित गृहस्थांचं. त्यांना मी म्हटलं होतं, नुसतं नावापुरतं भरा. त्यांनी घरी नेऊन, पुरवणी जोडून भरलं. सकाळी लवकर उठणार नाही, पाहुणे चालणार नाहीत, बाकी काही अपेक्षा नाही.

घोटाळा असा झाला की सर्वांत कमी अपेक्षा त्यांच्याच निघाल्या. यंत्रणेने त्यांची शिफारस केली आहे. ते आता जिन्यात भेटले की कॉलर सारखी करतात. काळजी करू नकोस, शिफारस बंधनकारक नसते.

तुझी,
ताई

२६ मार्च

ताई,

नमस्कार. काळजी करू नकोस म्हणतेस, पण इथे काल टपालाने एक पाकीट आलं. आत एक चिकटपट्टी. तिच्यावर लिहिलं आहे, "जडवस्तू. वर, एक नग." सोबत भांडार विभागाचं पत्र. पत्रिका माझ्या शाखेतून आली म्हणून त्यांनी धरलं की मागणी माझी आहे. सदर नग शाखेत कुठे ठेवणार, ओल लागणार नाही ना, वाळवीची तपासणी केव्हा झाली होती, सगळं विचारलं आहे. चिकटपट्टी दर्शनी भागावर लावावी अशी सूचना आहे. भावोजींचा दर्शनी भाग कोणता, हे तू कळव.

शिवणकामवाल्या बाईंनी ते पत्र वाचलं आणि हसून हसून त्यांचं कापड तिरकं कापलं गेलं. मीही हसलो. पण ताई, रात्री जरा धास्तावलो. हमीपत्र दिलं, त्यावर जामीनदार मागितला. जामीनदार म्हणून बाईंचं नाव दिलं, तर त्या खात्यातल्या नाहीत म्हणून त्रुटी. माझ्या अर्जाला आता एवढी शेपूट झाली आहे की अर्ज कुठला आणि शेपूट कुठली ते मलाही कळत नाही. तारीख जवळ येते आहे.

तुझ्याकडे चावी आहे. एकदा फिरव. तुझं लग्न, तुझा भाऊ, तुझी यंत्रणा. कोण विचारणार आहे? आणि विचारलंच तर सांग, लग्न आयुष्यात एकदाच होतं. आजवर तू कुणाकडे कधी काही मागितलं नाहीस, निदान स्वतःकडे तरी माग.

टिल्लू

२ एप्रिल

प्रिय टिल्लू,

आशीर्वाद. चावीचं नाव पुन्हा काढू नकोस.

तू लहान होतास म्हणून तुला आठवत नाही. बाबा याच खात्यात, कुठल्या कुठे असलेल्या शाखेत होते. त्यांनी इकडे बदली मागितली. अर्ज कुणाच्या तरी टेबलावर पडून राहिला, आणि त्यांच्या मागून अर्ज केलेल्यांची कामं ओळखीने झाली. मी शाळेतून येताना खात्याच्या दारात उभी राहून विचारायची, आमच्या बाबांचा कागद निघाला का? सगळे गोड बोलायचे. शेवटी बाबा आले तेव्हा तू दाराआडून त्यांना बघितलंस आणि आईला म्हणालास, "आई, ते काका आलेत." बाबांनी हातातली पिशवी खालीसुद्धा ठेवली नव्हती.

म्हणून मी ही यंत्रणा केली. कुणाचा कागद थांबू नये आणि कुणाचा ओळखीने पुढे जाऊ नये. पहिला अपवाद माझ्याच भावासाठी केला तर मी कुठल्या तोंडाने इथे बसू? तू एवढं समजून घेशील अशी माझी खात्री आहे.

बाकी चांगल्या बातम्या आहेत. हिशेबवाल्या गृहस्थांनी माघार घेतली. लिफ्टवाल्यांची शिट्टी वाजवायची सवय ऐकून ते म्हणाले, स्पर्धा तोलाची नाही. भांडाराला मी कळवलं आहे की नग शाखेत ठेवायचा नाही, घरी ठेवायचा आहे. आणि तुझा अर्ज सगळ्या त्रुटी ओलांडून शेवटच्या टप्प्यावर आला. शेवटी कार्यमालकाला एक प्रश्न जातो. कार्य माझं, म्हणून कार्यमालक मीच. प्रश्न सकाळी माझ्यासमोर आला आणि चहा निवायच्या आत मी उत्तर देऊन टाकलं. माझ्याकडे कागद थांबत नाही. आता निकाल येईलच तुला.

तुझी,
ताई

७ एप्रिल

ताई,

निकाल आला. जसाच्या तसा उतरवतो.

"आपला रजेचा अर्ज नामंजूर. कारण: सदर कार्यास आपली उपस्थिती आवश्यक नाही. अभिप्राय: कार्यमालक."

आधी मी हसलो. म्हटलं, चिकटपट्टीसारखंच काहीतरी असेल. मग बघितलं, उत्तर निळ्या अक्षरात आहे. यंत्रणा काळ्यात लिहिते, माणूस निळ्यात, हे तूच शिकवलं होतंस.

मिठाईची ऑर्डर रद्द केली आहे. भावोजींना नमस्कार.

टिल्लू

१० एप्रिल

प्रिय टिल्लू,

आशीर्वाद. तुझा गैरसमज झाला आहे. प्रश्न काय होता तो आधी वाच. "सदर व्यक्ती उपस्थित नसल्यास कार्य थांबेल काय?" आवश्यक या शब्दाची व्याख्या तीच आहे आणि ती मीच लिहिलेली आहे, परिषदेतून आल्यावर, खूप विचार करून. कायद्याने लग्नाला वधू लागते, वर लागतो आणि दोन सज्ञान साक्षीदार लागतात. साक्षीदार कुणीही चालतो. वॉचमन चालतो. खरेदीबाईंनी तर आपणहून विचारलं आहे. म्हणजे तू नसलास तर कार्य थांबणार नाही. मग मी "होय" कसं लिहू? ते खोटं झालं असतं.

हे तुझ्याबद्दल नव्हतंच. साक्षीदाराबद्दल होतं. तू एवढा शिकलेला, खात्यातला, आणि असा रुसून बसतोस?

नामंजुरीवर अपील करता येतं, पण ते फक्त अर्जदार करू शकतो. मुदत संपायच्या आत कर. अपील माझ्याकडे आलं की मी ते लगेच पुढे पाठवीन.

वेळेवर जेवतोस ना? मिठाईवाल्याकडे अजून एकदा विचार, रद्द झाली नसेल.

तुझी,
ताई

२२ एप्रिल

टिल्लू,

तुझं पत्र नाही, फोन उचलत नाहीस, अपील नाही. शिवणकामवाल्या बाईंच्या दुकानात फोन केला तर त्या म्हणाल्या, बरे आहेत, कामाला येतात, बोलत नाहीत.

परवा अपिलाची मुदत संपली. यंत्रणेचा निरोप आला. "अर्जदार गप्प आहेत, सबब सहमत आहेत. सदर कार्यास अर्जदाराची उपस्थिती आवश्यक नाही, याबाबत उभय पक्षांचे एकमत नोंदविण्यात आले." काळ्या अक्षरात. ते वाचून मला यंत्रणेचा भयंकर राग आला. आणि तिची तर काहीच चूक नव्हती. तिने मला विचारलं होतं, मी निळ्यात उत्तर दिलं होतं.

संध्याकाळी लिफ्टवाल्यांना सांगितलं. ते लिफ्टच्या खोलीत डबा खात होते. म्हटलं, बघा, मी नियमाने उत्तर दिलं आणि भाऊ रुसला. ते म्हणाले, "मी नसलो तर काम थांबेल का?" मी म्हटलं, अर्थात, वर लागतोच. ते म्हणाले, "वर लागतो, की मीच लागतो?"

मला एकदम हिशेबवाले गृहस्थ आठवले. त्यांनी माघार घेतली असली तरी कायद्याला ते चालले असते.

"मग माझ्यापुढेही नाही लिहा," असं म्हणून त्यांनी डब्यातला शेवटचा घास खाल्ला. रागावले नव्हते. फॉर्म भरताना बोलले होते तसंच बोलले. मी तिथेच पायरीवर बसले, टिल्लू, आणि मला रडू आलं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि माझं होईपर्यंत ते शेजारी बसून राहिले.

घरी येऊन मी चावी काढली. हो, काढली. चावी फिरवली असती तर तुझा अर्ज पुढे गेला असता, पण त्याच्यावर माझं निळं "नाही" तसंच राहिलं असतं. तू रजा घेऊन आला असतास आणि ते "नाही" खिशात घेऊन माझ्या शेजारी उभा राहिला असतास. ते मला नको होतं. उत्तर बदलायचं होतं, आणि खोटं तर लिहायचं नव्हतं. माझा स्वभाव तुला माहीत आहे, मला दुसरी युक्ती सुचत नाही.

म्हणून काल नोंदणी कार्यालयात गेले. तिथे अजून कसलीच यंत्रणा नाही, एक कारकून आहेत आणि त्यांचा पंखा आहे. मी म्हटलं, माझा लग्नाचा कागद थांबवायचा आहे. मी कारणाचा अर्ज, ओळखपत्र, मूळ प्रती सगळं घेऊन गेले होते. त्यांनी काहीच मागितलं नाही. नुसतं विचारलं, "का हो?" मी म्हटलं, "भाऊ यायचाय." ते म्हणाले, "मग आला की सांगा," आणि माझा कागद उचलून टेबलावरच्या दगडाखाली ठेवला. तिथे बरेच कागद होते. मी विचारलं, हे सगळे कशासाठी थांबलेत? ते म्हणाले, "कुणी ना कुणी यायचंय."

मग कार्यालयात आले आणि दुरुस्ती पाठवली. "सदर व्यक्ती उपस्थित नसल्यास कार्य थांबेल काय?" उत्तर: थांबले आहे.

आता ते खरं आहे. तीस तारखेला लग्न नाही. सगळ्यांना कळवलं. खरेदीबाई म्हणाल्या, पुरवठ्याला मुदतवाढ देता येते. लिफ्टवाल्यांना विचारलं, तुम्हाला चालेल ना? ते म्हणाले, "दोन मजल्यांच्या मध्ये थांबायची मला सवय आहे."

तू आलास तर लग्न होईल. नाही आलास तर होणार नाही. हे मी तुला धाक दाखवण्यासाठी लिहीत नाही. मी नीट विचार केला आणि मला कळलं की तू नसताना मी तिथे सही करूच शकणार नाही. माझा हात चालणार नाही. हे मला त्या सकाळी चहाच्या आधी कळायला हवं होतं. माझं चुकलं.

तुझी,
ताई

२८ एप्रिल

ताई,

नमस्कार. तुझं पत्र शिवणकामवाल्या बाईंनी आणून दिलं. पाकिटावरचं तुझं अक्षर बघून मी ते परत करणार होतो. त्या म्हणाल्या, आधी वाचा, मग परत करा. वाचल्यावर त्यांनाही वाचून दाखवलं. त्यांनी आज पुन्हा कापड तिरकं कापलं, पण आज हसत नव्हत्या.

मी रुसलो होतो हे खरं. तुझ्या यंत्रणेने मला जडवस्तू म्हटलं असतं तरी मी हसलो असतो. पण निळ्या अक्षरात तुझं "नाही" बघितलं आणि मला वाटलं, ताईने मला मोठं केलं, ते काम झालं, आता फाईल बंद. असं काहीबाही वाटलं. आता वाटत नाही.

तुझी दुरुस्ती पोचली. "थांबले आहे" हे यंत्रणेने आजवर कुणाकडून ऐकलं नव्हतं, त्यामुळे ती पिसाटली. लाल रंगात निरोप आला. "कार्य बंद पडले आहे. कर्मचाऱ्यास तातडीने रजा मंजूर. दिनांक ५ मे." त्रुटी नाही, जामीनदार नाही, काही नाही. मी खुर्चीतून उठून हात वर केले.

मग खालची ओळ वाचली. एकट्याच्या शाखेतला माणूस रजेवर गेला तर खुर्ची रिकामी ठेवता येत नाही. यंत्रणेचं काम येणारा प्रशिक्षित बदली माणूस त्या दिवशी इथे बसला पाहिजे. असा माणूस साऱ्या खात्यात एकच आहे, असं यंत्रणेने शोधून काढलं आहे.

अभिनंदन, ताई. ताईच्या लग्नाला जाण्यासाठी मला रजा मिळाली आहे आणि त्या दिवशी माझ्या जागी बसायला ताईची नेमणूक झाली आहे. हुकूम तुलाही आला असेल. चावी फिरवू नकोस. मी सगळं बघितलं आहे.

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर नोंदणी कार्यालय आहे. तिथल्या बाईंना भेटून आलो. त्या म्हणाल्या, तिकडचा कागद आणला तर इकडे सह्या होतात. तेव्हा त्या कारकुनांच्या दगडाखालून तुझा कागद काढ आणि स्वतःच्या हाताने घेऊन ये. यंत्रणेत टाकू नकोस, ती त्याला पुन्हा तीन दरपत्रकं मागेल. भावोजींना अवजारं घेऊन यायला सांग. आमची लिफ्ट बंद आहे, ती बंद ठेवण्याचा शेरा मीच मारला आहे, आणि दुसऱ्या साक्षीदार म्हणून ठरलेल्या शिवणकामवाल्या बाईंना जिना चढवत नाही.

सकाळी तू माझ्या खुर्चीवर बस आणि काम कर. लोक येतील, त्यांचे कागद घे, कुणाला परत पाठवू नकोस. मी येऊन समोरच्या बाकावर बसतो. जेवणाच्या सुट्टीत वर जाऊ, सह्या करू आणि सुट्टी संपायच्या आत तुला खाली आणून सोडू, म्हणजे कुणाचा कागद थांबणार नाही. मिठाईवाल्याला पुन्हा सांगितलं आहे. सुट्टी व्हायला उशीर झाला तरी चालेल, सावकाश उठ. मी रजेवर आहे, त्या दिवशी मला दुसरं काहीही काम नाही.

तुझा,
टिल्लू